परसदारी दहा मीटर : एअर रायफलची सुरक्षित रेंज बांधताना

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये येणारे पालक पहिला प्रश्न बहुतेक रायफलचाच विचारतात. कुठली घ्यावी, किती रुपयांची घ्यावी. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ जिंकल्यापासून तर असे पालक वाढलेच आहेत, आणि आम्हाला त्याचा मनापासून आनंद आहे. पण आम्ही छर्रा अडवणारे ट्रॅप बनवतो, म्हणून आमचा उलटा प्रश्न ठरलेला असतो : छर्रा थांबणार कुठे? त्याचं उत्तर पक्कं झालं की मग रायफलचं बघू.

जागा

नेमबाज ज्या रेषेमागे उभा राहतो तिथून टार्गेटपर्यंत १० मीटर, म्हणजे ३२ फूट १० इंच. मागे उभं राहायला, टेबल मांडायला आणि टार्गेटमागे ट्रॅप बसवायला जागा लागते. एकूण ४३ फूट लांब पट्टा हाताशी असेल तर काम नीट होतं. टार्गेटचा मध्य नेमबाज उभा राहतो त्या फरशीपासून १.४० मीटर उंचीवर येतो. परसातली जमीन उतरती असते, तेव्हा अंदाजाने मोजू नका, पाण्याची लेव्हल नळी लावा. शक्य असेल तर नेम उत्तरेकडे येईल अशी आखणी करा, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही. टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड लागतो. साधा बल्ब त्याला पुरत नाही, कार्डावर रोखलेला एलईडी फोकस लावा.

ट्रॅप

मॅच रायफलचा (स्पर्धेच्या एअर रायफलचा) छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. मऊ शिशाचा असल्याने लोखंडावर आदळला की चपटा होतो, कडेने फुटतो आणि त्याच्या कण्या चहूकडे उडतात.

आमच्या अगदी पहिल्या ट्रॅपमध्ये आम्ही प्लेट सरळ उभी ठेवली होती. दोन दिवसांनी कार्ड काढून पाहिलं तर काळ्या वर्तुळाभोवती सुईच्या टोकाएवढी भोकं होती आणि त्यांच्या कडा आमच्या बाजूला उलटल्या होत्या. म्हणजे ती मागून पडलेली होती! प्लेटवर फुटलेलं शिसं कार्ड फाडून नेमबाजाच्या दिशेने परत येत होतं. त्या दिवसापासून आमच्याकडून सरळ प्लेटचा एकही ट्रॅप बाहेर गेलेला नाही.

आता ४ मिमी जाडीची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट ४५ अंशांत पुढे झुकवून बसवतो. वरची कड नेमबाजाकडे असते, त्यामुळे छर्रा आपटून खाली ट्रेमध्ये जातो. ट्रेमध्ये चाळलेली वाळू घालायची. खडा राहिला तर छर्रा त्यावरून उसळतो, म्हणून चाळणी बारीकच हवी. पेटीला दोन्ही बाजू आणि वरचं छप्परही असतं. घरी करून घ्यायचा असेल तर जरूर करा, आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. फक्त एक सांगतो : लाकडी फळी, नारळाचं खोड, कडाप्पा, गोटे यांवर नेम धरू नका. लाकडाची गाठ छर्रा जसाच्या तसा परत फेकते. आणि स्टीलचे गोल बीबी छर्रे या ट्रॅपवर कधीच मारू नका. ते चपटे होत नाहीत, सरळ उलटून येतात.

ट्रॅपच्या मागची भिंत

लोक इथे खर्च वाचवायला बघतात आणि आमचा वाद होतो तोही इथेच. नळी एका अंशाने हलली तर दहा मीटरवर छर्रा साडेसतरा सेंटिमीटर सरकतो. पाच अंशांनी हलली तर जवळजवळ तीन फूट! नवशिक्या मुलाचा घोडा रायफल वर आणतानाच दाबला गेला, तर आपला एक फुटी ट्रॅप काय करणार? आणि सुटलेला छर्रा दोनशे-तीनशे मीटर लांब जाऊ शकतो. मागे शेजाऱ्यांची गच्ची असेल, तिथे कपडे वाळत घालणारं कुणी असेल.

म्हणून विटांची किंवा जांभ्याची भिंत, किमान ८ फूट उंच आणि ट्रॅपच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट रुंद. पत्र्याचं कुंपण म्हणजे भिंत नव्हे. भिंतीच्या वीतभर पुढे जाडं जुनं कार्पेट दुहेरी करून सैल टांगा, चुकलेल्या छर्‍याचा जोर त्यात मरतो. ताणून ठोकलंत तर उपयोग नाही.

मग नेमबाजाच्या जागी उभे राहा, डोळा नळीच्या उंचीवर आणा आणि समोर बघा. भिंतीच्या वर आकाश दिसलं तर रेंज अजून अपुरी आहे. नळीच्या दोन-तीन फूट पुढे, नेमाच्या रेषेच्या थोडी वर आडवी फळी टांगा (१९ मिमी प्लायचे दोन थर), इतकी की ते आकाश झाकलं जाईल. मागची पडवी असेल तर तिच्या आतून नेम धरणं सर्वांत चांगलं. छपराची आणि बाजूच्या भिंतींची मदत आपोआप मिळते, पावसाळ्यातही सराव चालू राहतो.

सराव चालू असताना

परसाच्या दाराला आतून कडी. धुणं, कोंबड्या, विहीर, जे काही नेमाच्या रेषेत येत असेल ते आधी हलवायचं. डोळ्यांवर चष्मा, बघणार्‍यांच्यासुद्धा. कार्ड बदलायला पुढे जाण्याआधी रायफल रिकामी, ब्रीच (छर्रा भरायची मागची जागा) उघडी आणि नळीतून आरपार नारिंगी दोरी. स्पर्धेच्या रेंजवर हीच दोरी सेफ्टी फ्लॅग म्हणून वापरतात. दोन्ही टोकं बाहेर दिसली म्हणजे नळी रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही कळतं. आम्ही प्रत्येक ट्रॅपबरोबर एक दोरी देतो, तिचे पैसे घेत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने सराव करू देऊ नका, तो कितीही चांगला नेम मारत असला तरी.

शिसं

ट्रॅप झाडूने झाडू नका, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. छर्रा ओठांत धरायची सवय मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडा. सराव संपला की साबणाने हात, मगच खाणं. ट्रॅपखाली भाजीचा वाफा नको. साठलेलं शिसं झाकणाच्या डब्यात ठेवा, आमच्याकडे आणून दिलंत तर आम्ही ते भट्टीवाल्याकडे पोहोचवतो.

कायद्याचं

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापुढच्या बंदुकीला लागतो, आणि तशा बंदुकीसाठी आम्ही ट्रॅप बनवत नाही. खरेदीचं बिल जपून ठेवा. पाखरांवर, खारींवर नेम धरणारं गिर्‍हाईक आम्हाला नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि नसता तरी आम्ही हेच म्हटलं असतं.

आमच्याकडे येताना

परसाचा हाताने काढलेला नकाशा आणा : लांबी, रुंदी, मागच्या भिंतीची उंची, आणि भिंतीपलीकडे काय आहे ते. शेवटची गोष्ट विसरू नका. भिंतीपलीकडे वहिवाटीची बोळ किंवा शाळेचं मैदान असेल तर आम्ही स्वतः येऊन पाहतो आणि आडवी फळी बसल्याशिवाय ट्रॅप लावत नाही. आजवर चार जणांना नाही म्हणावं लागलं. त्यांतल्या दोघांनी नंतर भिंत वाढवून घेतली, त्यांच्याकडे ट्रॅप आम्हीच बसवला.