मातेरा: रिकामी झालेली घरं आणि त्यांचे वाटाडे

दक्षिण इटलीत बाझिलिकाता प्रांतात मातेरा नावाचं छोटं शहर आहे. तिथे नकाशा फारसा कामाला येत नाही. ग्राविना नदीच्या घळीच्या कडेवर मऊ चुनखडीत कोरलेली घरं एकावर एक चढत गेली आहेत. खालच्या घराचं छप्पर हीच बरेचदा वरच्या घराची वाट असते. सास्सो कावेओसो आणि सास्सो बारिसानो या दोन जुन्या वस्त्यांत, म्हणजे ‘सास्सी’त, म्हणूनच गावचा माणूस सोबत लागतो. पण वाट सापडणं हे त्याचं लहानसं कारण. खरं कारण असं की, ही घरं एकदा कायद्याने रिकामी केली गेली आणि त्यांत जगणं कसं होतं याची आठवण माणसांबरोबर बाहेर गेली.

इथलं जुनं घर पुढून बांधीव आणि मागे कोरीव असायचं. आतल्या अंधाऱ्या भागात खेचर, उंच पलंगाखाली कोंबड्या आणि पलंगावर सगळं कुटुंब. पावसाचं पाणी चर काढून टाक्यांत उतरवलेलं. दहा-बारा दारं एका सामाईक अंगणात उघडत. वाड्यातल्या चौकासारख्या या जागेला आणि तिथल्या शेजाराला ‘विचिनातो’ म्हणत. पाव भाजायला सामाईक भट्टीत जात. कुणाचा पाव कुठला हे कळावं म्हणून कणकेवर घराण्याच्या आद्याक्षरांचा लाकडी ठसा उमटवायचे. हे ठसे आता आठवणवस्तू म्हणून विकले जातात.

मग हे शहर बदनाम का झालं? गुहा काही नव्या नव्हत्या. लोकसंख्या वाढली तशी पाण्याची टाकी आणि गोठेही राहायला घेतले गेले. दाटी, दारिद्र्य आणि हिवताप यांनी घरं पोखरली. फॅसिस्ट सरकारने 1935 मध्ये याच प्रांतात हद्दपार केलेले लेखक कार्लो लेवी यांनी 1945 च्या आपल्या पुस्तकात, बहिणीने पाहिलेल्या मातेराचं वर्णन दिलं. देशभर खळबळ उडाली. 1950 मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी स्वतः येऊन गेले. मातेरा ‘राष्ट्राची लाज’ ठरलं आणि 17 मे 1952 रोजी घरं रिकामी करण्याचा कायदा झाला. पुढच्या पंधराएक वर्षांत पंधरा हजारांवर माणसं नव्या वसाहतींत गेली. त्यांतल्या ला मार्तेल्लाची आखणी वास्तुकार लुदोविको क्वारोनी आणि सहकाऱ्यांनी शेजारधर्म टिकावा या हेतूने केली होती. तरी विचिनातो फुटला तो फुटलाच.

नळ, वीज, उजेड मिळाला, हे खोटं नाही. ज्या आईला दमट गुहेत मूल वाढवावं लागलं तिच्यासाठी ते फार मोठं होतं. मात्र घराबरोबर लाजेचा शिक्काही माथी आला. ‘सास्सीतले’ असणं ही लपवायची गोष्ट झाली. मला याचं फार वाईट वाटतं.

ती लाज उतरवण्यात गावातल्याच तरुणांचा मोठा वाटा आहे. 1959 मध्ये त्यांनी ‘ला स्कालेत्ता’ हे मंडळ काढलं, ओस वस्तीत आणि घळीत पायी हिंडून दगडात कोरलेली चर्चं शोधली, त्यांची नोंद केली. 1963 मध्ये त्यांना ‘आदिपापाचं तळघर’ म्हणून ओळखलं जाणारं भित्तिचित्रांचं चर्च सापडलं. मेंढपाळ तिथे मेंढ्या बांधत. आजच्या स्थानिक वाटाड्यांची परंपरा मी या पायपिटीपासून मोजतो.

1986 मध्ये सास्सीच्या दुरुस्तीचा कायदा झाला. 1991 मध्ये मुख्य चौकाखालचं पालोम्बारो लुंगो हे प्रचंड टाकं पुन्हा उजेडात आलं. त्यात सुमारे 50 लाख लिटर पाणी मावतं. 1993 मध्ये जागतिक वारसा, 2019 मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी. सरकारजमा झालेल्या घरांपैकी कित्येक दीर्घ मुदतीच्या कराराने दिली गेली आणि त्यांत हॉटेलं निघाली.

अशा एखाद्या खोलीत मागच्या भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर, खोलगट कोनाडा असतो. त्यात आता दिवा किंवा फुलदाणी ठेवलेली असते. पाहुण्याला तो शोभेचा वाटतो. ज्याची आजी अशा घरात राहिली तो वाटाड्या सांगतो, ही खेचराची गव्हाण.