दोन नोंदींच्या मधला वेग

वेगमर्यादा मोडल्याच्या दंडाविरुद्ध दाद मागताना आता बरेच लोक जीपीएसची नोंद पुढे करतात. रस्त्याकडेचं यंत्र म्हणतं ताशी ८२ किलोमीटर, फोन म्हणतो ६३. मग यंत्राचं खरं का मानायचं? प्रश्न अगदी रास्त आहे. जीपीएसने मोजलेला वेग मोकळ्या आकाशाखाली फार अचूक असतो. तरीही ती नोंद दाखवून निरपराधपणा सिद्ध होतोच असं नाही. का होत नाही, हे नीट कळलं तर कोणती नोंद उपयोगाची आणि कोणती नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

जीपीएस वेग कसा काढतं याबद्दल एक सार्वत्रिक गैरसमज आहे. आधी एक ठिकाण, मग दुसरं ठिकाण, मधलं अंतर भागिले वेळ, असा तो हिशेब असेल असं वाटतं. तसा हिशेब करता येतो, पण तो कच्चा असतो. साध्या फोनने दाखवलेलं ठिकाण खऱ्या ठिकाणापासून चार-पाच मीटर इकडेतिकडे असू शकतं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १६.७ मीटर जाते. या अंतरात नुसती दोन मीटरची चूक झाली, तरी वेगात ताशी सात किलोमीटरचा फरक पडतो. लागोपाठच्या दोन नोंदींमधल्या चुका बहुधा एकाच दिशेच्या असतात म्हणून प्रत्यक्षात निभावून जातं, पण उंच इमारतींमध्ये किंवा दाट झाडीखाली तीही खात्री उरत नाही.

चांगले ग्राहक, म्हणजे उपग्रहांचे संकेत पकडणारी जीपीएस यंत्रं, वेगळा मार्ग घेतात: डॉप्लर परिणाम. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी पाठवतात. या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर. ग्राहक उपग्रहाच्या दिशेने सरकला की लहरी किंचित दाट येतात, दूर गेला की विरळ. सेकंदाला एक मीटर वेगाने सरकलं तर वारंवारता सुमारे ५ हर्ट्झने बदलते. ताशी ६० किलोमीटरला जास्तीत जास्त ८८ हर्ट्झने. दीडशे कोटींच्या वर असलेल्या आकड्यात ८८ चा फरक! शिवाय उपग्रह स्वतः सेकंदाला जवळजवळ ३.९ किलोमीटर वेगाने धावत असतो. त्याची गती आधीच ठाऊक असल्यामुळे ती वजा करता येते. चार किंवा अधिक उपग्रहांकडून हा फरक मोजला की ग्राहकाचा वेग आणि दिशा दोन्ही मिळतात. गाडी एकसारख्या वेगाने चाललेली असेल आणि आकाश मोकळं असेल, तर या पद्धतीतली चूक ताशी एक किलोमीटरच्याही आत राहते. पोलिसांचं रडारही डॉप्लरवरच चालतं, फक्त तिथे लहर गाडीवर आपटून परत येते. म्हणजे दोन्ही यंत्रांचं भौतिकशास्त्र एकच आहे.

मग अडतं कुठे? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा शहरात २००७ साली एक प्रकरण झालं. १७ वर्षांच्या एका मुलाला रडारने ताशी ६२ मैल वेगाने पकडलं, मर्यादा ४५ मैलांची होती. मुलावर लक्ष राहावं म्हणून पालकांनी गाडीत जीपीएस बसवलेलं होतं आणि त्याच्या नोंदीत वेग ४५ मैल दिसत होता. वाद सुमारे दोन वर्षं चालला आणि शेवटी निकाल मुलाच्या विरोधात गेला. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट एकच: ते यंत्र दर ३० सेकंदांनी एक नोंद करत होतं.

ताशी ४५ मैल म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर आणि ६२ मैल म्हणजे सुमारे १००. चांगली गाडी ७२ वरून १०० वर तीन-चार सेकंदांत जाते आणि ब्रेक दाबला तर त्याहून लवकर खाली येते. हा सगळा चढउतार ३० सेकंदांच्या पोकळीत सहज मावतो. तो मुलगा तसा गेलाच होता असं मी म्हणत नाही. पण ३० सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदी कितीही अचूक असल्या, तरी मधल्या काळात काय झालं हे त्या सांगू शकत नाहीत.

इथे गणितातलं मध्यमूल्य प्रमेय आठवावं. दोन ठिकाणांमधला सरासरी वेग ताशी ९० निघाला, तर मधल्या कोणत्या तरी क्षणी गाडी नेमक्या ९० वर होतीच, त्यातून सुटका नाही. रस्त्याच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला कॅमेरे लावून सरासरी वेगावर दंड करतात, त्यामागचा आधार हाच. पण उलट दिशेने हे प्रमेय काहीच देत नाही. सरासरी ६० आली म्हणून गाडी कधी ९० वर गेलीच नाही असं म्हणता येत नाही. ती थोडा वेळ ९० वर आणि थोडा वेळ ४० वर असू शकते. सरासरी दोषी ठरवू शकते, निर्दोष ठरवू शकत नाही. जीपीएसचा पुरावा मांडणाऱ्याने ही विषमता आधी पचवून घ्यायला हवी.

यातून वाट आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते: गाडीच्या स्वतःच्या मर्यादा. समजा नोंद दर सेकंदाला आहे आणि लागोपाठच्या दोन्ही नोंदींत वेग ६० आहे. साधी गाडी पूर्ण ताकदीने सेकंदाला सुमारे ३ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवते, आणि कचकन ब्रेक लावला तर सुमारे ८ मीटर प्रति सेकंद इतका कमी करते. त्या एका सेकंदात आधी जीव तोडून ॲक्सिलरेटर आणि मग जीव तोडून ब्रेक, असं केलं तरी मधला सर्वोच्च वेग फार तर ६८ होतो. यंत्राने ८२ दाखवले असतील, तर ते या गाडीचे असणं शक्यच नाही. अंदाज, स्वभाव, साक्ष यांतलं काहीही न वापरता निघालेला हा निष्कर्ष आहे. दर सेकंदाची नोंद आणि दर ३० सेकंदांची नोंद यांत केवढी तफावत आहे ते इथे दिसतं.

अर्थात हे सगळं मूळ नोंदीवर अवलंबून आहे. ग्राहकाकडून येणाऱ्या कच्च्या मजकुराच्या एका प्रचलित ओळीत वेळ, ती नोंद ग्राह्य आहे की नाही हे सांगणारं एक अक्षर, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा आणि तारीख अशी माहिती ओळीने येते. तिथला वेग ताशी सागरी मैलांत असतो, म्हणजे ३४ या आकड्याचा अर्थ ताशी ६३ किलोमीटर. अशी ओळ मिळाली तर सोनं. पण बरीच ॲप्स प्रवास जीपीएक्स फाइलमध्ये साठवतात, आणि त्या मांडणीच्या १.१ या आवृत्तीत वेगासाठी प्रमाणित रकानाच नाही. अशा फाइलमधून नंतर दिसणारा वेग बऱ्याचदा ठिकाणांच्या फरकावरून काढलेला असतो, म्हणजे वर सांगितलेला कच्चा हिशेब. स्क्रीनवर आलेख तितकाच गुळगुळीत दिसतो, म्हणून फसायला होतं.

गुळगुळीतपणाचीही किंमत असते. आकडे थरथरू नयेत म्हणून ग्राहक मागच्या काही नोंदी लक्षात घेऊन वेग देतो. सरळ रस्त्यावर याने काही बिघडत नाही. पण चालकाने कॅमेरा पाहून ब्रेक दाबला आणि दाखवलेला वेग प्रत्यक्षाच्या एक सेकंद मागे असला, तर मध्यम जोराच्या ब्रेकलाही ताशी १८ किलोमीटरचा फरक पडू शकतो.

घड्याळाचा मुद्दा तर हमखास निसटतो. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेण्यासाठी जागतिक प्रमाणवेळेत अधूनमधून एक जादा सेकंद घालतात, त्याला लीप सेकंद म्हणतात; जीपीएसची स्वतःची वेळ तो मानत नाही. १ जानेवारी २०१७ पासून ती जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. बहुतेक उपकरणं हा फरक स्वतःच दुरुस्त करतात, पण कच्च्या नोंदीत तो तसाच राहू शकतो. १८ सेकंदांत ताशी ६० ने गाडी ३०० मीटर पुढे जाते. यंत्रासमोरची म्हणून दाखवलेली नोंद प्रत्यक्षात मागच्या चौकातली निघाली, तर सगळा युक्तिवाद कोसळतो. म्हणून नोंद वेळेवरून जुळवण्यापेक्षा अक्षांश-रेखांशांवरून जुळवावी, आणि मग वेळ त्याच्याशी ताडून पाहावी.

समोरच्या यंत्रातही उणिवा असतात, पण लोक चुकीच्या उणिवेवर बोट ठेवतात. ‘रडार तिरकं धरलं होतं’ हा आवडता आक्षेप. जागेवर उभं असलेलं रडार तिरकं असलं, तर ते वेग कमी दाखवतं: २० अंशांच्या कोनात सुमारे ६ टक्क्यांनी कमी. म्हणजे तो फरक चालकाच्या फायद्याचा असतो. खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे तो कोणती गाडी मोजली हा. रडारचा झोत दूर जाता जाता पसरतो. १२ अंशांचा झोत ३०० मीटरवर ६० मीटरहून अधिक रुंद होतो, आणि त्यात एकापेक्षा जास्त गाड्या सहज येतात. लेझर यंत्राचा झोत त्या अंतरावर जेमतेम मीटरभर असतो, त्यामुळे तिथे ही शंका बरीच कमी होते.

जीपीएसची बाजू मला सर्वांत बळकट वाटते ती इथेच. पाच-सहा किलोमीटरच्या चुकीवर भांडण्यात अर्थ नाही, तेवढी सूट यंत्राच्या मोजणीत पुष्कळदा आधीच दिलेली असते. पण दर सेकंदाची अखंड नोंद ६३ सांगत असेल आणि नोटिशीत ८२ असतील, तर शेजारून गेलेली दुसरी गाडी मोजली गेली असण्याची शक्यता गंभीरपणे तपासायला हवी. त्यासाठी मूळ फाइल हात न लावता लगेच दुसरीकडे उतरवून ठेवावी. ती पुन्हा दुसऱ्या ॲपमधून काढू नये, आणि त्या जागेच्या आधीचा व नंतरचा किमान मिनिटभराचा भाग पूर्ण द्यावा. सोबत यंत्राच्या तपासणीचा दाखला आणि त्या वेळचा फोटो मागावा. फाइल देण्याआधी मात्र तिच्यातला प्रत्येक दोन नोंदींमधला सरासरी वेग स्वतः काढून पाहावा. तो कुठेही मर्यादेच्या वर निघाला, तर तीच फाइल विरुद्ध बाजूचा पुरावा होते.