पहाटे साडेसहाचे व्याख्यान

१९५७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये सीबीएसच्या वाहिनीवर पहाटे साडेसहाला एक प्राध्यापक तौलनिक साहित्य शिकवू लागले. 'सनराइज सेमिस्टर' या नावाचा तो न्यूयॉर्क विद्यापीठाचा रीतसर अभ्यासक्रम होता. इतक्या पहाटेची वेळ मिळाली, कारण ती दुसऱ्या कुणाला नकोच होती. त्या घटकेला जाहिरातदार झोपलेला असतो. प्रेक्षक मात्र जागे निघाले. वाचायला सांगितलेल्या पहिल्याच कादंबरीच्या प्रती शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांतून संपल्या. कार्यक्रम १९८२ पर्यंत टिकला.

टीव्हीवरच्या व्याख्यानांचा आणि वादसभांचा इतिहास सांगताना बहुतेक जण थोर वक्त्यांची नावे घेतात. ती पुढे येतीलच. पण वक्त्याला किती वेळ मिळाला, दिवसाच्या कोणत्या प्रहरी मिळाला आणि त्या वेळेचे पैसे कुणी भरले, हे पाहिले तर या इतिहासातली बरीचशी वळणे समजतात.

टीव्ही येण्याआधी या दोन्ही प्रकारांना आपापली सभागृहे होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी विज्ञानव्याख्याने होत. केंब्रिज युनियन ही विद्यार्थ्यांची वादसभा तर १८१५ ची. बीबीसीने १९३६ मध्ये, टीव्ही सेवा नुकतीच सुरू झालेली असताना, नाताळ व्याख्यान दाखवून पाहिले. नियमित प्रक्षेपण १९६६ पासून. मधल्या काळात श्रोत्यांना सवय लावली ती रेडिओने. बीबीसीची रीथ व्याख्यानमाला १९४८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्यापासून सुरू झाली ती रेडिओवरच.

सभागृह नसतानाही व्याख्यान जमते, हे इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी दाखवले. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही १९५५ मध्ये आली आणि दोनच वर्षांत तिने टेलर यांना रशियन क्रांतीवर बोलायला उभे केले. हातात टिपण नाही, नकाशा नाही, चित्रे नाहीत. अर्धा तास सरळ कॅमेऱ्याकडे पाहून बोलायचे आणि नेमक्या वेळेला वाक्य पुरे करून थांबायचे. व्यापारी वाहिनीने हे करावे याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले होते. मला ते तितकेसे वाटत नाही. एक माणूस आणि एक कॅमेरा, याहून स्वस्त कार्यक्रम कोणता?

राजकीय वादाची वाट जास्त वाकडी आहे. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने असे बंधन होते की एका उमेदवाराला वेळ दिली तर त्याच पदाच्या बाकी सगळ्यांनाही तेवढीच द्यायची. १९६० मध्ये काँग्रेसने ते कलम तात्पुरते बाजूला ठेवले, म्हणून २६ सप्टेंबरला शिकागोच्या स्टुडिओत अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन समोरासमोर येऊ शकले. (रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले, ही गोष्ट सगळे सांगतात, तिचा आधार मुख्यतः एका छोट्या पाहणीचा आहे.) त्यानंतर सोळा वर्षे अध्यक्षपदाच्या उमेदवारांची अशी एकही वादसभा झाली नाही. १९७५ मध्ये नियामक आयोगाने पळवाट काढली: वादसभा बाहेरच्या कुणी, स्टुडिओबाहेर भरवली, तर ती 'बातमी', आणि वाहिन्या तिचे फक्त वार्तांकन करतात. त्यानुसार १९७६ मध्ये महिला मतदारांच्या लीगने फिलाडेल्फियाच्या नाट्यगृहात फोर्ड आणि कार्टर यांना बोलावले. वादसभा संपत आली असताना प्रक्षेपणाचा आवाज गेला. दोघेही आपापल्या मेजामागे उभे राहिले, २७ मिनिटे, एकमेकांशी अक्षर न बोलता. नाट्यगृहात श्रोते बसलेले होते. टीव्ही खरोखरच केवळ बातमीदार असता तर त्यांच्यासाठी सभा पुढे चालू शकली असती. आयोगाचा युक्तिवाद इतक्या उघडपणे आणि इतक्या शांततेत दुसऱ्या कुणी खोडून काढला नसेल.

याच्या उलट उदाहरण केंब्रिजचे. १८ फेब्रुवारी १९६५ ला तिथे ठराव होता: अमेरिकी स्वप्न कृष्णवर्णीयांना किंमत मोजायला लावून उभे आहे. बाजूने कृष्णवर्णीय अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविन, विरोधात उजव्या विचारांचे अमेरिकी संपादक विल्यम बकली. बीबीसीचे कॅमेरे आत होते, पण सभा कॅमेऱ्यांसाठी भरली नव्हती. नियम युनियनचे, मतदान सभासदांचे. ठराव ५४४ विरुद्ध १६४ मतांनी मंजूर झाला आणि बाल्डविन यांच्यासाठी सभागृह उठून उभे राहिले. बकली यांनी पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्वतःचा 'फायरिंग लाइन' सुरू केला. एकाच पाहुण्याशी तासभर वाद घालणारा हा कार्यक्रम १९७१ मध्ये सार्वजनिक टीव्हीवर गेला आणि १९९९ पर्यंत चालला. पण त्याच बकलींना १९६८ मध्ये एबीसीने डाव्या विचारांचे लेखक गोर विडाल यांच्यासमोर बसवले तेव्हा निराळेच घडले. तिसऱ्या क्रमांकाच्या या वाहिनीकडे पक्षांच्या अधिवेशनांचे दिवसभर चित्रण करण्याइतके पैसे नव्हते, म्हणून तिने दोन बोलके शत्रू आणले. शिव्या आणि मारण्याची धमकी थेट प्रक्षेपणात गेली. पुढे बातम्यांच्या वाहिन्यांनी जे उचलले ते 'फायरिंग लाइन' नव्हे, हे.

युरोपातल्या सार्वजनिक वाहिन्यांकडे वेळ होता. डच टीव्हीसाठी १९७१ मध्ये आइंडहोव्हनला भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की इंग्रजीत आणि तत्त्वज्ञ फूको फ्रेंचमध्ये मानवी स्वभावावर वाद घालत बसले. फ्रान्समध्ये बेर्नार पिव्हो यांचा पुस्तकांवरचा कार्यक्रम 'आपोस्त्रोफ' १९७५ ते १९९० दर शुक्रवारी रात्री, ७२४ भाग. आदल्या रात्रीच्या पुस्तकांना शनिवारी दुकानांत मागणी येई. टेलर यांच्या अगदी उलट टोक इथे दिसले ते कादंबरीकार नाबोकोव्ह यांचे: आधी लिहून आणलेली उत्तरे त्यांनी पुस्तकांच्या ढिगाआड ठेवली आणि वाचून दाखवली. ब्रिटनच्या चॅनल फोरने १९८७ मध्ये 'आफ्टर डार्क'मध्ये घड्याळच काढून टाकले. मध्यरात्री सुरू होणाऱ्या चर्चेला शेवटची वेळ ठरलेली नसे. बोलणारे थकले की कार्यक्रम संपे.

अमेरिकेत घड्याळ सैल झाले ते केबलमुळे. संसदेचे कामकाज दाखवणाऱ्या, १९७९ मध्ये सुरू झालेल्या सी-स्पॅन या वाहिनीचा खर्च केबल कंपन्या भरतात. जाहिराती नाहीत, त्यामुळे संसदेतले भाषण काय किंवा पुस्तकावरचे व्याख्यान काय, कापायचे कारण उरले नाही. १९९८ मध्ये तिच्या दुसऱ्या वाहिनीवर शनिवार-रविवार पुस्तकांसाठीच राखले गेले. तिकीट लावून भरणाऱ्या वादसभा, लंडनची इंटेलिजन्स स्क्वेअर्ड (२००२) आणि टोरंटोची मंक डिबेट्स (२००८), त्यानंतरच्या. यांत मत दोनदा घेतात, आधी आणि नंतर, आणि ज्याने जास्त मने वळवली तो जिंकतो.

इंटरनेटवर वेळेची टंचाईच नाही. तरी २००६ मध्ये छोट्या व्याख्यानांच्या परिषदा भरवणाऱ्या टेडने आपली भाषणे तिथे टाकायला सुरुवात केली तेव्हा अठरा मिनिटांची मर्यादा सोडली नाही. ही मर्यादा ना कायद्याची, ना जाहिरातदाराची. आयोजकांनी ती आपणहून पाळली. केंब्रिजची ती १९६५ ची फीत मात्र आज एका क्लिकवर तासभर सलग पाहता येते, मतमोजणीसकट.