भाड्यासाठीच बांधलेली घरं : नाशिकनं पाहिलेलं आणि विसरलेलं

बिल्ड-टू-रेंट म्हणजे भाड्यानं देण्यासाठीच इमारत बांधायची आणि ती विकायची नाही. अख्ख्या इमारतीचा मालक एकच असतो : एखादी कंपनी, फंड किंवा सरकारी संस्था. आपल्याकडचा बिल्डर फ्लॅट विकून पैसे मोकळे करतो आणि पुढच्या साइटकडे वळतो. या पद्धतीतला मालक वीस-तीस वर्षं तिथंच असतो. म्हणून त्याचं लक्ष चौरस फुटाच्या दरापेक्षा, घरपट्टी, देखभाल आणि रिकामे गेलेले महिने वजा जाता वर्षाअखेर हातात किती भाडं उरतं याकडे असतं.

गुंतवणूकदारांच्या बैठकांत हे नवं म्हणून सांगितलं जातं, पण महाराष्ट्रात ते शतकाहून जुनं आहे. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्यानं कामगारांसाठी बीआयटी चाळी उभ्या केल्या. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं 207 बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी झाल्या. एकही खोली विक्रीसाठी नव्हती. खाजगी चाळमालकांचाही तोच धंदा होता : चाळ बांधायची, खोल्या द्यायच्या, भाड्यावर घर चालवायचं.

नाशिकमध्ये हे काम आधी वाड्यांनी केलं. जुन्या नाशकात आणि पंचवटीत मालक एका चौकात राहायचा आणि बाकीच्या खोल्यांत भाडेकरू. पुढे 1925 मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आली, 1928 मध्ये करन्सी नोट प्रेस आली, स्वातंत्र्यानंतर ओझरला एचएएल आली. त्यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांच्या वसाहती आल्या. क्वार्टर नोकरीसोबत मिळायचं आणि निवृत्तीला सोडावं लागायचं. मालकी एकाच हातात, देखभालही त्याच हाताची, राहणारे मात्र बदलत जाणारे. आजच्या मॉडेलचा हाच सांगाडा आहे. फरक एवढाच की तिथं नफा पाहायचा नव्हता.

मग ही परंपरा तुटली कशी? मोठं कारण भाडेकायदा. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं 1 सप्टेंबर 1940 चं भाडं प्रमाण धरलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत अर्धं शतक टिकला. महागाई चढत गेली, भाडं जागच्या जागी राहिलं. मालकांनी दुरुस्ती सोडली, नवं बांधणं त्याआधीच सोडलं होतं, आणि मुंबईत पागडी, म्हणजे खोली देताना एकदाच घेतलेली मोठी रक्कम, फोफावली. दर पावसाळ्यात जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना महापालिका नोटिसा काढते, भिंती कोसळतात, माणसं दगावतात. त्या पडझडीत या गोठलेल्या भाड्याचा वाटा मोठा आहे. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही प्रमाण भाड्याची तरतूद आता वाजवी उरली नसल्याचं म्हटलं.

दुसरीकडे मालकीहक्काचा फ्लॅट सोपा होत गेला. 1960 चा सहकारी संस्था कायदा, फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांवर बंधनं घालणारा 1963 चा मोफा, 1970 चा अपार्टमेंट कायदा आणि नंतर बँकांची गृहकर्जं. देशातल्या शहरी कुटुंबांत भाड्यानं राहणारी 1961 मध्ये निम्म्याहून जास्त होती, 2011 च्या जनगणनेत ती 28 टक्क्यांच्या आसपास आली. त्याच जनगणनेत शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली. भाड्यानं देण्यापेक्षा कुलूप लावलेलं बरं, ही भीती त्यात दिसते.

सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत कामाला आलेल्यांसाठी सिडकोनं नवीन नाशिकमध्ये घरकुलं बांधली, तीही 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं लोकांच्या नावावर केली. लोकांनी त्यावर मजले चढवले आणि वरच्या खोल्या नव्या कामगारांना भाड्यानं दिल्या. नाशिकचं खरं भाड्याचं घर आजही तेच आहे, कुठल्याही फंडाशिवाय उभं राहिलेलं. या घरमालकांची दखल धोरणात फारशी कुणी घेतली नाही, याचं वाईट वाटतं.

परदेशात वाट वेगळी झाली. अमेरिकेत 1960 च्या कायद्यानं रीट (मालमत्ता बाळगणारे गुंतवणूक ट्रस्ट) आले, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारालाही मोठ्या मालमत्तेच्या भाड्यात वाटा मिळू लागला. 2008 च्या मंदीनंतर तिथं कंपन्यांनी कर्ज थकल्यानं जप्त झालेली एकेकटी घरं विकत घेतली आणि पुढे भाड्यासाठीच अख्ख्या कॉलन्या बांधल्या. ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरांतल्या गुंतवणुकीवरच्या 2012 च्या माँटेग्यू अहवालानंतर सरकारनं या क्षेत्राला निधी दिला. लंडन ऑलिम्पिकच्या खेळाडूंसाठी बांधलेल्या घरांतली बरीचशी नंतर एकाच मालकाकडून भाड्यानं दिली गेली. ऑस्ट्रेलियानं 2024 मध्ये अशा प्रकल्पांना करसवलत दिली.

आपल्याकडे दार किलकिलं झालंय. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या राज्याच्या नव्या भाडे कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. लेखी, नोंदणीकृत करार सक्तीचा केला. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क घेता येतं. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना भाडेकरू म्हणून या कायद्याचं संरक्षण नाही, हे अंबडमध्ये कंपनीला जागा देणाऱ्यांच्या कामाचं कलम आहे. 2020 मध्ये केंद्रानं स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना आणली, 2021 मध्ये राज्यांसाठी नमुना म्हणून आदर्श भाडेकरू कायदा, ज्यात घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच.

तरीही खाजगी पैसा कचरतो, कारण आकडे जुळत नाहीत. समजा, पाथर्डी फाट्याला 50 लाखांच्या फ्लॅटला महिना 12 हजार भाडं मिळालं. वर्षाचे 1 लाख 44 हजार, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, तेही खर्च वजा करण्याआधी. कर्जाचं व्याज मात्र याच्या दुपटीहून जास्त. ही तफावत आजवर फ्लॅटचा भाव वाढेल या आशेनं भरून काढली गेली, आणि बिल्ड-टू-रेंटमध्ये तर विकायचंच नसतं. मुंबई महानगरात एमएमआरडीएनं 2008 मध्ये 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली होती. तीही टिकली नाही. पनवेलजवळच्या कोनमधली त्यातली घरं पुढे गिरणी कामगारांना विकली गेली.

म्हणून नाशिकमध्ये कुणी या नावानं प्रकल्प दाखवला, तर जमीन कुठल्या भावानं आली ते आधी विचारावं. बाजारभावानं घेतलेल्या जमिनीवर भाड्याचं गणित बसणं अवघड. सरकारी, एमआयडीसीच्या किंवा संस्थेच्या जमिनीवर ते बसू शकतं. आणि मागणी कुंभमेळ्याच्या गर्दीवर मोजली आहे की सातपूर-अंबडच्या पाळ्यांवर, हेही पाहावं. कुंभ बारा वर्षांनी येतो, पाळी रोज बदलते.