कोल्हापूर जिल्ह्यातील महापूर व घरगुती पूर्वतयारी

कोल्हापूर जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा, कृष्णा आणि त्यांच्या उपनद्यांना येणारा मोठा पूर, आणि त्याला तोंड देण्यासाठी नदीकाठची कुटुंबे करतात ती तयारी, हा इथला विषय. जिल्ह्याच्या पश्चिम भागात दरडीही कोसळतात. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता. वीज पडणे, कोयना परिसरातल्या भूकंपाचे धक्के हेही आहे. पण बारा तालुक्यांच्या आणि ३८ लाखांहून अधिक वस्तीच्या (२०११ ची जनगणना) या जिल्ह्यात पावसाळ्याच्या तोंडावर घरात बोलणे होते ते पाण्याचे. यंदा पाणी कुठवर येईल, एवढाच प्रश्न.

पाणी येते कसे

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते. करवीर तालुक्यातल्या प्रयाग चिखलीला हा संगम आहे. तिथून नदी कोल्हापूर शहराला वळसा घालत पूर्वेला जाते आणि शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला (बोलण्यात नरसोबाची वाडी, किंवा नुसतीच वाडी) कृष्णेला मिळते. उगमाकडे गगनबावडा, राधानगरीच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि खाली शिरोळच्या बाजूला जमीन जवळजवळ सपाट आहे. वरून लोंढा, खाली उतार नाही, अशी ही रचना. कृष्णाच दुथडी भरून वाहत असली तर पंचगंगेच्या पाण्याला शिरायला जागा उरत नाही आणि ते मागे सरकते. याला इकडे ‘फूग’ म्हणतात. म्हणून शिरोळमध्ये आभाळ निरभ्र असताना, ऊन पडलेले असतानाही पाणी चढत राहते. कोयना आणि वारणा या धरणांतून सोडलेले पाणीही याच वाटेने येते.

राधानगरी धरणाचे दरवाजे हा जिल्ह्याचा स्वतंत्र विषय. राजर्षी शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी भोगावतीत पडते. ‘तीन नंबरचा उघडला’ ही बातमी गल्लीत पोचायला मिनिटे पुरतात. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे फूग वाढते का, हा वाद मात्र मिटलेला नाही. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. नदीकाठच्या अनेकांना ते आजही पटत नाही, आणि अलमट्टीची उंची वाढवण्याची चर्चा निघाली की विषय पुन्हा तापतो.

फुटांची भाषा

कोल्हापुरात पूर मोजला जातो तो कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर, फूट-इंचांत. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. सोबत ‘इतके बंधारे पाण्याखाली’ हा आकडा येतो. देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा’ म्हणून ओळखला जाणारा बंधारा तो हाच, पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून ठेवायचे तो. त्यावरून रस्ताही जात असल्याने बंधारा बुडाला की पलीकडच्या गावाला वळसा पडतो.

हा फुटांचा आकडा जिल्हाभर सांगितला जातो, पण तो बावड्याचा असतो, कुणाच्या दाराचा नसतो. तयारीतली खरी मेख इथे आहे. ज्या घरांना वर्षानुवर्षांचा सराव आहे त्यांनी हा हिशेब स्वतःपुरता मांडून ठेवलेला असतो. राजारामला अमुक फूट झाले की मळीत (नदीकाठच्या गाळाच्या शेतात) पाणी, आणखी दोन फूट चढले की गोठ्यात, त्याच्या वर उंबऱ्याला. शहरात दसरा चौकाजवळचा सुतारवाडा सगळ्यांत आधी रिकामा होतो. तिथल्या लोकांना कुणी येऊन सांगायची गरज पडत नाही. वाडीच्या दत्त मंदिराचेही असेच गणित आहे. पाणी उत्तरेकडून आत शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की ‘दक्षिणद्वार’ झाले म्हणतात आणि भाविक त्या धारेत स्नानाला गर्दी करतात. शासनाच्या दृष्टीने जो पूर, तोच वाडीत सोहळा असतो. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वर हलवतात.

ज्यांनी हिशेब मांडला नव्हता, किंवा जुनाच मांडला होता, ते २०१९ मध्ये सापडले. तोवर घराघरांतले माप २००५ च्या पुराचे होते. ‘पाचच्या पुरात पायरीला टेकलं होतं, त्याच्या वर येत नाही’ असे म्हणून लोकांनी तिजोरी, धान्य, शाळेचे दाखले २००५ च्या खुणेच्या हातभर वर ठेवले आणि ते माडीवर बसून राहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा त्यांना कौलांवरून उतरवून बोटीत घ्यावे लागले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी ५६ फुटांवर पोचले. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी गावकऱ्यांना नेणारी बोट उलटून माणसे बुडाली. उशिरा निघणे हाच वेगळा धोका असतो, हे त्या घटनेनंतर या पट्ट्यात कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

घरातली तयारी

पाणी जवळ आले की पहिली कृती अगदी साधी असते. पाण्याच्या कडेला काठी रोवतात किंवा वीट ठेवतात. रात्री दर तासाला घरातले कुणीतरी बॅटरी घेऊन जाते आणि वीट दिसते का ते पाहून येते. वीट बुडाली की ती मागे सरकवायची आणि किती वेळात बुडाली ते घरात सांगायचे. यावरून उरलेले तास मोजले जातात.

मग सामान. मातीच्या भिंतीच्या घरात माळ्यावर फार भार टाकत नाहीत, कारण भिंत भिजून बसली की माळ्यासकट खाली येते. अशा घरातले धान्य आधीच पाहुण्यांकडे किंवा गावातल्या उंचावरच्या घरी जाते. स्लॅबच्या घरात पंपाची मोटर, इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रीज हे आधी वर. गॅसची टाकी रेग्युलेटर काढून, टोपण लावून बांधून ठेवायची. मोकळी सोडली तर ती तरंगत जाते. निघताना मेन स्विच बंद. आधार, रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, रोजच्या गोळ्या हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी कुणाच्या हातात असेल ते आधी ठरलेले. हे वाचायला सोपे वाटते. रात्री दोन वाजता, लाइट गेलेली असताना, ठरलेले नसेल तर त्याच पिशवीवरून घरात भांडण होते.

पिण्याचे पाणी हा शहरातल्यांचा कायम विसरलेला भाग. शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रे पुरात बुडाली की ज्या घरांपासून नदी कोसभर लांब आहे त्यांचेही नळ कोरडे पडतात. सगळीकडे पाणी आणि टँकरपुढे घागरींची रांग, हे २०१९ आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाहायला मिळाले. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला की बाहेरून दूध, भाजी, पेट्रोल काहीच येत नाही. त्यामुळे आठवडाभराचा शिधा, औषधे आणि झाकणाच्या भांड्यांत पाणी ही तयारी पूररेषेबाहेरच्या घरालाही लागते.

जनावरे हा शेतकरी घराचा सगळ्यांत अवघड प्रश्न. ‘म्हशी सोडून कुठं जाऊ?’ हे उत्तर बचाव पथकाला हमखास मिळते आणि त्यात हट्ट कमी, हिशेब जास्त असतो. दुधाचे बिल हा घराचा रोख पैसा. बोटीत म्हैस बसत नाही, म्हणून जनावरे माणसांच्या आधी, रस्ता चालता असतानाच काढावी लागतात. वैरण ही दुसरी अडचण. उसाचे फड पाण्यात गेले की वाडे (उसाचे हिरवे शेंडे) मिळत नाहीत, आणि छावणीत चारा वेळेवर पोचेलच असे नाही. जाणता माणूस मेमध्येच कडबा उंचावर रचतो. काही कारणाने जनावर काढता आलेच नाही, तर दावे कापून मोकळे सोडायचे. बांधलेले जनावर पोहू शकत नाही.

मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे, तसेच ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. पावसाळ्यात एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी जिल्ह्यात आणून ठेवली जाते.

पाणी उतरल्यावर

घरी परतण्याची घाई अंगाशी येते. ओल्या भिंती बऱ्याचदा पाणी ओसरल्यावर ढासळतात. कपाटामागे, गाद्यांच्या घडीत साप बसलेले असतात, म्हणून आधी काठी, मग हात. वायरिंग तपासल्याशिवाय मेन चालू करत नाहीत. विहीर, बोअरच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर), घागरीत मेडिक्लोरचे (क्लोरीनच्या द्रावणाचे) थेंब. चिखलात उघड्या पायांनी काम केल्यावर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) शंका धरून दवाखाना गाठावा.

गाळ काढण्याआधी फोटो काढावेत, हा शहाणपणा लोक पंचनाम्यातून शिकले. २०१९ मध्ये बाधित कुटुंबांना ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झाले. घर झाडून लख्ख केलेल्याला मात्र पाणी कुठवर होते ते दाखवायला भिंतीवरची ओल तेवढी उरते.

कायमचा उपाय म्हणून पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जोते उंच करणे, घर खांबांवर उभे करणे हे लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे केलेले उपाय. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा देण्यात आल्या. पण शेत, गोठा, नदी सगळे खालीच. त्यामुळे अनेकांनी जुने घर सोडले नाही. महापुराचा इशारा आला की चिखलीतून ट्रॉल्या निघतात, त्यात गाद्या, पिंप, म्हशी, म्हातारी माणसे. पाणी उतरले की त्याच ट्रॉल्या परत खाली येतात.