कॉम्प्युटर रीसेट केला की काय जातं आणि काय मागे राहतं

विंडोज ७ च्या काळातल्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कचा एक कोपरा कंपनीने राखून ठेवलेला असे. त्या लपवलेल्या पार्टिशनमध्ये विंडोज, ड्रायव्हर (वायफाय, साउंड असे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आणि कंपनीची स्वतःची सॉफ्टवेअर यांची तयार प्रत असायची. मशीन सुरू होताना एचपीवर एफ११, असुसवर एफ९, एसरवर ऑल्ट आणि एफ१० दाबलं की ती प्रत सी ड्राइव्हवर उतरे आणि लॅपटॉप खरोखरच दुकानातून आणला तसा होई. मधल्या चार-पाच वर्षांचे सगळे अपडेट मग रात्रभर पुन्हा उतरवत बसायचे, हा भाग वेगळा.

२०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून ही पद्धत बदलली. आता रीसेटसाठी कंपनीच्या प्रतीची गरज नसते. विंडोजच्या फोल्डरमध्येच विनएसएक्सएस नावाचं तिच्या सुट्या भागांचं भांडार असतं. रीसेट करताना त्यातून नवी विंडोज जुळवली जाते, म्हणून झालेले बहुतेक अपडेट टिकतात आणि सहसा वायफाय, साउंडचे ड्रायव्हरही जागेवर असतात. याची दुसरी बाजू अशी की हे भांडारच बिघडलेलं असेल, तर त्यातून धड विंडोज तयार होत नाही. त्यावर तोडगा म्हणून २०२० मध्ये ‘क्लाउड डाउनलोड’ आलं. त्यात विंडोजच्या ताज्या फायली मायक्रोसॉफ्टकडून येतात आणि सुमारे ४ जीबी डेटा लागतो. फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर ते आधीच लक्षात घ्या. व्हायरसची शंका असेल, तर मात्र क्लाउडच निवडावा.

रीसेटमध्ये दोन कामं असतात: नवी विंडोज उभी करणं आणि जुना डेटा पुसणं. पहिलं काम विंडोज बऱ्यापैकी निभावते. दुसऱ्याचा भरवसा मात्र तुम्ही कोणता पर्याय निवडता आणि आत कोणत्या जातीची डिस्क आहे, यावर असतो.

मशीन मंद झालं म्हणून रीसेट करणार असाल, तर आधी डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींचे आकडे बघा. शून्याच्या वर असतील आणि आठवड्याभरात वाढत असतील, तर डिस्क जायला लागली आहे. रीसेटमध्ये डिस्कवर तासन् तास वाचन-लेखन चालतं. आजारी डिस्क नेमकी त्यातच मान टाकते. अशा वेळी आधी फोटो-कागदपत्रं बाहेर काढायची आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क बसवून तिच्यावर नव्याने विंडोज टाकायची. फिरत्या डिस्कचा लॅपटॉप कितीही वेळा रीसेट केला तरी एसएसडीसारखा पळणार नाही.

बॅकअप म्हटल्यावर फोटो आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. रडायची वेळ येते ती भलत्याच गोष्टींवर. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं की यूझर्स फोल्डरमधलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे राहतं, पण टाकलेली सॉफ्टवेअर आणि त्यांनी ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेला बहुतेक मजकूर जातो. क्रोमचे पासवर्ड तिथेच असतात. तो फोल्डर नुसता कॉपी करून भागत नाही, कारण पासवर्डवरचं कुलूप तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेलं असतं. क्रोममध्ये सिंक चालू आहे ना ते पाहा, नाहीतर पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्या. जुन्या टॅली ईआरपी ९ चा डेटा सहसा थेट सी ड्राइव्हवर टॅलीच्याच फोल्डरमध्ये असतो, टॅलीप्राइमचा पब्लिक यूझरच्या फोल्डरमध्ये. कोणताही पर्याय निवडा, तो डेटा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्या. डिजिटल सिग्नेचर यूएसबी टोकनवर असेल तर तिला धक्का लागत नाही, फक्त टोकनचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी आणखी थोडं थांबावं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारखी सॉफ्टवेअर रीसेटमध्ये उडतात. त्यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली पत्रिका किंवा पुस्तकाची फाइल नंतर उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून सेटअप, लायसन्स किंवा डोंगलचा ड्रायव्हर आणि विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले तुमचे फॉन्ट आधी बाजूला काढा. मंगल फॉन्टची गंमत निराळीच आहे. विंडोज १० पासून तो मूळ संचात नसतो. रीसेटनंतर वर्डमधल्या यादीत तो दिसला नाही, तर सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स जोडायचे. कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्टही त्याच गठ्ठ्यात येतात.

सर्वांत महत्त्वाची वस्तू शेवटी सांगतोय, कारण ती विसरली की पुढचं सगळं अडतं: बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. विंडोज सुरू होत नाही म्हणून रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर जावं, तर तिथे ती की मागितली जाते. ती सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून खात्यात जाऊन पडद्यावरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवायची आणि की उतरवून घ्यायची. हे मशीन चालू आहे तोवरच केलेलं बरं. बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचं, सेटिंग बदललं किंवा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढून बायोस रीसेट केला, तरी पुढच्या वेळी हीच की मागितली जाऊ शकते.

प्रत्यक्ष रीसेट सोपा आहे. चार्जर लावा, बाहेरच्या हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी असं जाऊन ‘रीसेट धिस पीसी’ दाबा; विंडोज १० मध्ये हेच ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली सापडेल. विंडोज चालूच होत नसेल, तर लोगो दिसताच पॉवर बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करायचं. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की रिकव्हरीचा पडदा आपसूक येतो. लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोचत असाल, तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं तरी तिथेच जाता येतं. पुढे फायली ठेवायच्या की काढायच्या, विंडोज क्लाउडवरून घ्यायची की मशीनमधून, हे विचारलं जातं. त्यानंतरच्या पडद्यावर ‘चेंज सेटिंग्ज’ अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. घाईत तिच्याकडे लक्ष जात नाही आणि खरे निर्णय तिथेच असतात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

एसएसडीवर हे काम तासाभराच्या आत-बाहेर उरकतं, जुन्या हार्ड डिस्कवर तीन-चार तासही लागतात. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडकते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर हात लावू नका. डेस्कटॉपवाल्यांनी लोडशेडिंगची वेळ पाहून बसावं, कारण ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस फार तर पंधरा-वीस मिनिटं तग धरतो.

आता अडचणी. ‘रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट’ (तो रिकव्हरीचा पडदा ज्यातून येतो ती सोय) सापडत नाही असा निरोप आला, तर ॲडमिन हक्काने कमांड प्रॉम्प्ट उघडून reagentc /info ही कमांड देऊन स्थिती पाहायची, ‘डिसेबल्ड’ दिसली तर reagentc /enable द्यायची. तरीही दाद मिळत नसेल, तर बहुधा रिकव्हरी पार्टिशन पुसलं गेलेलं किंवा अपुरं असतं. जानेवारी २०२४ मध्ये तर मायक्रोसॉफ्टचा एक सुरक्षा अपडेट असंख्य विंडोज १० मशीनवर याच कारणाने अडकला आणि लोकांना ते पार्टिशन २५० एमबीने वाढवायला सांगण्यात आलं. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटने विंडोज १० आणि ११ च्या काही आवृत्त्यांमधला रीसेटच मोडला. आठवड्याभरात दुरुस्ती आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ च्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. म्हणजे दार होतं, पण कडी उघडायला हात नव्हते. विंडोज चालू होत असेल, तर रीसेटआधी सगळे अपडेट पूर्ण करून घ्यायचे ते यासाठी.

रीसेट दोनदा फसला की तिसऱ्यांदा हट्ट करू नये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घ्या आणि त्यावरून मशीन सुरू करा. त्यासाठी डेल, लेनोवो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबावं लागतं. विंडोज ८ पासूनच्या लॅपटॉपमध्ये लायसन्स की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते, त्यामुळे ती वेगळी टाकावी लागत नाही. इथे दोन ठेचा हमखास लागतात. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, कारण ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे, म्हणजे डिस्कचा कारभार पाहणाऱ्या भागामागे असते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, त्याची बांधलेली फाइल उघडून आतल्या फायली त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. दुसरी ठेच वायफायची. ड्रायव्हर नसल्यामुळे इंटरनेट नाही आणि इंटरनेट नाही म्हणून सेटअप पुढे सरकत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

आता ती ‘चेंज सेटिंग्ज’ची ओळ. मशीन विकायचं किंवा कुणाला द्यायचं असेल, तर इथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली: रीसेट मूळात फक्त विंडोजचा ड्राइव्ह रिकामा करतो. आपल्याकडे दुकानदार सी आणि डी असे दोन भाग करून देतो आणि घरचे सगळे फोटो, आधार-पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती डी ड्राइव्हमध्ये असतात. ते सगळं जसंच्या तसं नव्या मालकाला मिळतं. सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो.

दुसरी गोष्ट ‘क्लीन डेटा’. फाइल डिलीट झाली किंवा क्विक फॉरमॅट मारला, तरी मजकूर डिस्कवरच राहतो. फक्त यादीतली नोंद जाते. सोसायटीच्या नामफलकावरून नाव काढलं, पण बिऱ्हाड आतच आहे, असा हा प्रकार. फुकटात मिळणारी रिकव्हरी सॉफ्टवेअर हे बिऱ्हाड शोधून काढतात. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ हार्ड डिस्क तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. चालू निघालेल्या १२९ पैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या आणि उरलेल्यांतून हजारो क्रेडिट कार्ड नंबर मिळाले.

‘क्लीन डेटा’ चालू केलं की संपूर्ण डिस्कवर नवा डेटा लिहिला जातो. फिरत्या हार्ड डिस्कसाठी असं एकदा केलेलं पुरतं. पस्तीस वेळा पुसावं हा १९९६ मधल्या एका शोधनिबंधातला सल्ला तेव्हाच्या डिस्क तंत्रासाठी होता. वेळ मात्र लागतोच. १ टीबी डिस्क सरासरी सेकंदाला १०० एमबीने लिहीत असेल, तर १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास नुसते पुसण्यात जातात.

एसएसडीचा हिशोब वेगळा आहे. फ्लॅश चिपमध्ये लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही. लेखन काही केबीच्या पानांत होतं, खोडणं मात्र काही एमबीच्या अख्ख्या ब्लॉकचं. म्हणून तुम्ही जुन्या फाइलवर नवी लिहिली, तरी एसएसडीचा कंट्रोलर ती दुसऱ्याच मोकळ्या पानावर टाकतो आणि जुनं पान सवडीने खोडतो. शिवाय विंडोजला कधीच न दिसणारा राखीव साठा चिपमध्ये असतो. त्यामुळे वरून लिहून सगळे कण पुसले गेले याची खात्री देता येत नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये चिप सुट्या करून वाचून हेच दाखवलं. त्यापेक्षा अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये असलेला ‘सिक्युअर इरेज’ किंवा एसएसडी कंपनीचं स्वतःचं टूल वापरा. तिथे आदेश थेट कंट्रोलरला जातो.

याहून सोपी वाट एन्क्रिप्शनची. डिस्क आधीपासून बिटलॉकरने बंद असेल, तर चिपवरचा मजकूर किल्लीशिवाय नुसता कचरा असतो. रीसेटमध्ये ती किल्लीच नष्ट होते. नव्या मॅकवर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ काही मिनिटांत उरकतं ते याचमुळे. बिटलॉकर बंद असेल तर रीसेटच्या आदल्या दिवशी चालू करा, ‘एन्क्रिप्ट एन्टायर ड्राइव्ह’ निवडा आणि पूर्ण होऊ द्या. विंडोज होम असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. मशीनमध्ये सोय असेल तरच ते दिसतं.

रीसेट फर्मवेअरला हात लावत नाही. बायोसचा पासवर्ड तसाच राहतो, तो आठवणीने काढा, नाहीतर घेणाऱ्याची पंचाईत होते. लोजॅक्ससारखा, ईसेट कंपनीने २०१८ मध्ये उघडकीला आणलेला व्हायरस तर फर्मवेअरमध्येच मुक्काम करतो आणि हार्ड डिस्क बदलूनही जात नाही, पण घरगुती मशीनवर असं विरळाच. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदवलंय त्याच्याशी बांधलेलं असतं. मशीन ठेवणार असाल तर तो ईमेल पासवर्डसकट हाताशी असू द्या. विकणार असाल, तर खात्याच्या डिव्हाइसेस पानावरून ते मशीन काढून टाका आणि रीसेटनंतर देश निवडायचा पडदा आला की तिथेच पॉवर बटण दाबून बंद करा. पुढचं खातं घेणाऱ्याने उघडायचं.