कॅबमध्ये मागे बसलं की बेल्ट लागत नाही?

"पट्टा फक्त पुढच्यांना, मागे बसणाऱ्याला पुढची सीट अडवतेच." हा समज इतका जुना आहे की कॅबमध्ये मागे बसून बेल्ट शोधणाऱ्याकडेच लोक नवलाने बघतात. समज होण्याला कारणही आहे: बरीच वर्षं दंड व्हायचा तो पुढच्यांनाच.

आता हिशेब बघा. गाडी ताशी 50 किलोमीटरने जात असेल, तर तुम्हीही त्याच वेगात असता. गाडी धडकून थांबते, तुम्ही थांबत नाही. या वेगाची धडक म्हणजे साधारण 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं. तेव्हा पुढची सीट 'अडवते' म्हणजे तुम्ही तिच्यावर आदळता, आणि त्या सीटवर बसलेल्यालाही चिरडता. पुढच्या एअरबॅगा मागच्यांच्या काही कामाच्या नाहीत.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 138(3) मागच्या, पुढे तोंड असलेल्या सीटनाही लागू होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार दंड 1000 रुपये, आणि बेल्ट न लावलेला प्रवासी नेणाऱ्या चालकावरही तो बसतो.

तपासायचं कसं? कॅबमध्ये बक्कल बहुधा सीटकव्हरखाली दडपलेलं असतं. फटीत बोटं घालून चाचपा. मग पट्टा हळू ओढा, सरकायला हवा. झटका द्या, जागीच अडकायला हवा. बक्कलच सापडलं नाही, तर निघण्याआधी चालकाला कव्हर सरकवायला सांगा. "दादा, जरा बघता का?" एवढं पुरतं.